पहाटेचा आकडा

मंगळवारी सकाळचा आकडा एकशे चौसष्ट आला.

स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर तिनं तो पेन्सिलनं लिहिला. वरच आदल्या रात्रीचा होता, एकशे अठ्ठावीस. आकडे एकाखाली एक आले की वजाबाकी डोळेच करून टाकायचे. झोपताना होती त्यापेक्षा बाबांची साखर सकाळी छत्तीसनं वाढली होती, आणि मधल्या वेळात घरातली दोन्ही माणसं झोपलेली होती. निदान एक तरी नक्की झोपलेलं होतं.

"छत्तीस," ती म्हणाली.

बाबा बोटाच्या टोकाला कापूस दाबून टेबलाशी बसले होते. एकशे आठ किलोंचा माणूस, पण बसायचे असे अंग चोरून, जणू खुर्ची शेजाऱ्यांकडून मागून आणलेली आहे.

"काल रात्री मुंग्या आल्या होत्या का?"

"मुंग्यांनी खाल्लं तर मुंग्यांची साखर वाढेल," बाबा म्हणाले. "मी काही खाल्लेलं नाही."

"बरं."

हे 'बरं' अठरा वर्षांत घासून गुळगुळीत झालं होतं. त्यात आवाज चढलेला नसायचा, आरोप नसायचा. ती ग्रंथपाल होती. पुस्तक महिनाभर उशिरा आणणारा वाचक 'आजारी होतो हो' म्हणाला की ती असंच 'बरं' म्हणायची आणि खाली मान घालून तारखेचा शिक्का उमटवायची. समोरच्याला कळायचं ते कळायचं.

"डॉक्टर म्हणाले, ते यकृताचं काम असतं," बाबा म्हणाले. "पहाटे ते स्वतःच साखर सोडतं."

"आता यकृतावर ढकला."

"मी कुठे ढकलतोय? ते म्हणाले, ते सांगितलं."

तिनं त्यांच्यापुढे ओट्सचा वाडगा ठेवला. मोजून घेतलेले ओट्स, वर अर्धं सफरचंद. बाबांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि नेहमीप्रमाणे डोळे क्षणभर मिटले. ही त्यांची घरची नव्हे, कामावरची सवय.

बाबा बिस्किटांच्या कारखान्यात चव घ्यायचे. एकतीस वर्षं तेवढंच काम. सकाळी दहा वाजता लहानशा पांढऱ्या खोलीत, दोन्ही बाजूंना आडोसा असलेल्या टेबलाशी जाऊन बसायचं. भिंतीतली खिडकी सरकायची आणि पलीकडून बशी यायची. बशीत तीन तुकडे, प्रत्येकावर तीन आकडी नंबर. खोलीत लाल दिवा, म्हणजे रंगावरून काही ओळखता येऊ नये. तुकडा चावायचा, जिभेवर फिरवायचा, कागदावर गुण मांडायचे, मग कपात थुंकायचं आणि कोमट पाण्यानं चूळ भरायची. अंगाला वासाचा साबण लावायचा नाही, कामाआधी कांदा-लसूण खायचा नाही. भट्टीचं तापमान पाच अंशांनी चुकलं तरी बाबांना कळायचं.

हे सगळं तिला पाठ होतं. फक्त ते थुंकण्याचं तिला कधी खरं वाटलं नव्हतं. तिलाच काय, कुणालाच नाही. बाबा कुठे काम करतात हे कळलं की लोक त्यांच्या पोटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "हो, दिसतंच आहे." बाबा सगळ्यांबरोबर हसायचे.

तिच्या संशयाला पुरावाही होता, एकच, पण पक्का. अठरा वर्षांपूर्वी आई गेली त्या वर्षीच बाबांची साखर निघाली आणि स्वयंपाकघर, औषधं आणि पहारा तिच्याकडे आला. त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी ती कॉलेजातून लवकर घरी आली, तर बाबा ओट्याशी उभे. एका हातात जॅमची बाटली, दुसऱ्यात चमचा. त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नाही. "चुकलं," म्हणाले, "पुन्हा नाही." तिनं ते ऐकून घेतलं, पण मनात ती बाटली तशीच उघडी राहिली. पुढे जेव्हा जेव्हा सकाळचा आकडा रात्रीच्या वर गेला, तेव्हा तिला तोच चमचा दिसला.

तिनं या विषयावर पुस्तकं वाचली नव्हती असं नाही. आहारावरची सात-आठ तरी वाचली होती, तळटीपांसकट. सगळी ताटाबद्दल बोलत होती. ताटात काय वाढावं, किती, केव्हा. सगळ्याचं उत्तर ताटात असेल तर दोष खाणाऱ्याचाच, हे तिनं आपल्या आपण ठरवलं होतं.

संध्याकाळी बाबा घरी आले ते जळक्या साखरेचा आणि लोण्याचा वास घेऊनच. तिनं हातातली पिशवी घेतली.

"हुंग, इन्स्पेक्टर," ते म्हणाले. "आज कॅरॅमल होतं. चार बॅचेस."

"आणि कपात किती गेलं?"

"सगळं."

"बरं."

रात्री जेवायला भाज्यांचं सूप, ब्रेडचा एक तुकडा आणि उकडलेलं अंडं. बाबांनी सूपचा घोट घेतला, डोळे मिटले.

"गाजर परवाचं आहे," ते म्हणाले.

गाजर परवाचंच होतं. तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती बोलून गेली, "जीभ एवढी शहाणी आहे, तर तिला आवरता का येत नाही तुम्हाला?"

बाबाही हसले. नेहमीपेक्षा जरा उशिरानं हसले, एवढंच. मग दोघांनी मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवलं, आडवे शब्द तिनं आणि उभे त्यांनी, आणि झोपायच्या आधी आकडा आला एकशे सव्वीस. तो तिनं लिहिला. तसा दिवस त्यांनी हजारदा काढला होता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी होती, म्हणून ती लवकर निघाली. बाबा न्हाणीघरात होते. "आकडा लिहून ठेवा," तिनं दाराबाहेरून सांगितलं. "हो," आतून आवाज आला. दुपारी तीनला कारखान्यातून फोन आला. बाबा टेबलाशी बसल्या बसल्या एका बाजूला कलले होते. रुग्णवाहिका आली तोवर सगळं संपलं होतं. हृदय, डॉक्टर म्हणाले. वय चौसष्ट.

लोक भेटायला आले. जे बोलायचं ते बहुतेकांनी बोलायचं टाळलं, पण जाता जाता कुणी ना कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचंच, "तू तरी किती लक्ष ठेवणार? खाणारा माणूस खातोच." ती मान हलवायची. त्या वाक्यात तिची सुटका होती आणि बाबांवर ठपका होता, आणि तिला दोन्ही नको होतं. रडू यायचं तेव्हा त्यात राग मिसळलेला असायचा. का खाल्लंत? मी एवढं करत होते, तर का खाल्लंत? आणि रागाच्या मागून दुसरं काहीतरी यायचं, जास्त वाईट. आपण अजून कडक राहायला हवं होतं का? की जरा कमी?

महिन्याभरानं ती बाबांचं सामान आणायला कारखान्यात गेली. चव-विभागाच्या प्रमुख बाईंनी कपाट उघडून दिलं. आत एक स्वेटर, वाचायचा चष्मा, बिनवासाच्या साबणाची वडी आणि लहान काळ्या पिशवीत साखर मोजायचं मशीन. घरी एक होतं, हे दुसरं, जेवणाच्या सुट्टीत वापरायचं.

"चहा घेणार? आमच्याकडे चहा फार चांगला नसतो, जिभा सांभाळायच्या असतात ना," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या इन्स्पेक्टर ना?"

"इथेही सांगायचे?"

"रोज. आमची नवी पोरं चांगलं बिस्कीट आलं की गिळून टाकतात, मी बघते आणि बघून न बघितल्यासारखं करते. तुमच्या वडिलांनी कधी गिळलं नाही. एकदा मलाच म्हणाले, माझ्या कपाचं वजन करा आणि मला लिहून द्या, घरी दाखवायचंय."

तिनं वर बघितलं. "मग?"

"केलं. दिलेल्या बिस्किटांपेक्षा कपातलं वजन जास्त भरलं." बाई हसल्या. "लाळ धरून भरणारच की. म्हणाले, राहू द्या, हे दाखवलं तर म्हणेल, बाहेरून आणून खाल्लंत."

ती हसली, कारण ती तसंच म्हणाली असती. पण बसमध्ये बसल्यावर तिनं बाईंचं बोलणं मनातल्या मनात बाजूला सारलं. गेलेल्या माणसाबद्दल कामावरची माणसं चांगलंच बोलणार. आणि कारखान्यात नसतील खात, पण घरात? रोज सकाळी वर चढलेला तो आकडा कुठून यायचा?

काळ्या पिशवीत पट्ट्यांची एक डबी होती, जवळजवळ भरलेली. तिच्यावरची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती. चांगली वस्तू फुकट घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय डॉक्टरांनी बाबांच्या शेवटच्या भेटीत तिलाही एकदा तपासून घ्यायला सांगितलं होतं आणि तिनं ते नेहमीप्रमाणे कानाआड केलं होतं. तिचं वजनही काही कमी नव्हतं. घरातली पहारेकरी म्हणून तिनं स्वतःच्या ताटाला सूट दिलेली होती असंही नाही. ती बाबांच्याच ताटातलं खायची, तेच ओट्स, तेच सूप. तरीही कपडे दर दोन वर्षांनी एक माप वर सरकायचे, आणि त्याचं कारण ती स्वतःला 'वय' असं द्यायची. बाबांना मात्र तिनं हे कारण कधी दिलं नव्हतं.

त्या रात्री झोपताना तिनं बोटाला सुई टोचली. एकशे सहा. सवयीनं कॅलेंडरकडे गेली आणि बाबांच्या शेवटच्या आकड्याखाली आपला लिहिला.

सकाळी उठून, चूळ भरायच्याही आधी, पुन्हा टोचली. एकशे एकोणीस.

ती मशीन हातात धरून बघत राहिली. हात नीट धुतले नव्हते की काय, म्हणून साबणानं धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. एकशे अठरा.

रात्री जेवणानंतर तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. एरवी याबद्दल ती शपथ घ्यायला गेली असती तर ऐकणाऱ्यानं 'बरं' म्हटलं असतं. पण आता घरात ऐकणारं कुणी नव्हतं आणि खाणारंही. दाराला आतून कडी होती. फ्रिजमध्ये कालचं सूप जसंच्या तसं होतं. साखर वाढली होती आणि ती कुणी खाल्ली नव्हती.

ती खाली बसली. बाबांच्या खुर्चीत बसलो आहोत हे तिच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही एवढं तिला कळत होतं, म्हणून तिनं आठवडाभर मोजलं. सात रात्री, सात सकाळी. एका सकाळी दोन्ही आकडे सारखे आले. बाकी सहा वेळा सकाळचा वर. आठव्या दिवशी तिनं रक्त तपासायला दिलं आणि बाबांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्याच दिवशी आत्याची तीन महिन्यांची तपासणी होती, म्हणून दोघी बरोबरच गेल्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. अंगानं काडी. वारा सुटला की तिला धरून ठेवावं लागेल, असं बाबा म्हणायचे. तिला साखर निघाली ती चाळिसाव्या वर्षी, बाबांच्याही कितीतरी आधी, आणि ती चहात दोन चमचे साखर घालून गोळी घ्यायची.

आत्याची तपासणी आधी झाली आणि ती खाली चहाला गेली. मग भाचीनं कॅलेंडरवरून उतरवून आणलेला कागद डॉक्टरांनी बघितला, आणि रक्ताचा अहवाल.

"काठावर आहात," ते म्हणाले. "मधुमेह नाही. पण दारात उभा आहे."

"सकाळी का वाढते?" तिनं विचारलं. "मी काही खाल्लेलं नसतं."

आपलंच वाक्य तिच्या कानावर आलं आणि तिचा चेहरा तापला.

"पहाटे शरीर उठायची तयारी करतं. काही हार्मोन्स वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. सगळ्यांचंच सोडतं. ज्यांचं इन्सुलिन पुरं पडतं त्यांच्यात ती लगेच आवरली जाते, ज्यांचं पुरं पडत नाही त्यांच्यात वर राहते." डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे मी तुमच्या वडिलांना सांगितलं होतं. चित्र काढून."

"त्यांनी मला सांगितलं होतं."

"मग?"

"मला ती पळवाट वाटली."

डॉक्टरांनी मान डोलावली. हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं नसावं.

"ते रात्री उठून खात असतील, असंही असू शकतं ना?" ती म्हणाली. आता तिला हे शेवटचं दार बंद करून घ्यायचं होतं. "दोन्ही?"

"एखाद्या दिवशी कुणीही खाईल. पण रोज खाणाऱ्या माणसाची तीन महिन्यांची सरासरी लपत नाही. आकडा वाट्टेल तसा वर गेला असता." त्यांनी संगणकावर बाबांची जुनी माहिती उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला. "ही बघा अठरा वर्षं. रेघ सरळ आहे, हळूहळू चढणारी. गोळ्या वाढवाव्या लागल्या, कारण आजार पुढे सरकतो. असं सांभाळणारे माझ्याकडे फार कमी आहेत. डोळे चांगले, किडनी चांगली, पाय चांगले. तुमचे आजोबा किती वर्षांचे असताना गेले?"

"बावन्न. त्याआधी साखरेमुळे पाय कापला होता."

"मग बघा."

"पण वजन? ते कधी कमी झालं नाही."

"पहिल्या वर्षी अकरा किलो कमी झालं होतं, इथे नोंद आहे. मग हळूहळू परत आलं. बहुतेकांचं येतं, शरीर भांडून परत मिळवतं. भूक किती लागावी, पोट भरल्याचं कधी कळावं, चरबी कुठे साठावी, इन्सुलिन किती वर्षं पुरावं, यातलं बरंच माणूस जन्माला येताना घेऊन येतो. एखादा जीन नसतो, शेकडो असतात, प्रत्येकाचा थोडा थोडा हात. तुमच्या आत्यांनी साखरेचा भाग घेतला, वजनाचा नाही. वडिलांनी दोन्ही घेतले."

"म्हणजे जेवण सांभाळून उपयोग नाही?"

"मी असं म्हटलं का? उपयोग आहे म्हणून तर ते आजोबांपेक्षा बारा वर्षं जास्त जगले, असं मला वाटतं. मोजून नाही सांगू शकत. काय घेऊन आलो ते आपल्या हातात नसतं, त्याचं पुढे काय करायचं ते थोडंफार असतं. तुमच्या बाबतीत तर अजून बरंच आहे. रोज चाला, चार-पाच किलो उतरवा, सहा महिन्यांनी या. आणि स्वतःवर इन्स्पेक्टर बसवू नका."

तिनं चमकून बघितलं. इथेही सांगितलं होतं तर.

बाहेर आल्यावर तिला वाटलं होतं की आता अपराधीपणाचा डोंगर कोसळेल. तो कोसळला नाही. कधीतरी कोसळेलही. पण जिना उतरताना तिला जे वाटलं ते अगदीच अनपेक्षित होतं. तिचा जीव भांड्यात पडला होता. ती अठरा वर्षं ज्या माणसाच्या समोर बसून जेवली, शब्दकोडी सोडवली, तो माणूस तिच्याशी खोटं बोलत नव्हता. तो जसा दिसायचा तसाच होता. जॅमची बाटली एकदाच उघडली गेली होती आणि 'पुन्हा नाही' म्हणजे पुन्हा नाही. बाबा तिला परत मिळाले होते, अख्खेच्या अख्खे, त्या पोटासकट.

दवाखान्याच्या खालीच चहाचं लहान दुकान होतं. आत्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून राहिली होती.

"काय म्हणाले?" आत्यानं विचारलं. "माझं नेहमीचंच, गोड कमी करा. मी हो म्हटलं."

"तू हो म्हणतेस आणि दोन चमचे घालतेस."

"आज एकच घातलाय. बघ ना."

तिनं सगळं सांगितलं. सात रात्री, यकृत, पडद्यावरची सरळ रेघ, अकरा किलो. आत्या चहा ढवळत ऐकत होती, आणि साखर केव्हाच विरघळून गेली तरी ढवळतच राहिली.

"एक सांगू?" आत्या म्हणाली. "तुम्ही सगळे त्याला बोलायचात ना, तेव्हा मला बरं वाटायचं. लहानपणापासून. आम्ही एका ताटात जेवायचो. मी जास्त खायचे, तो जाड व्हायचा. आई त्याच्या हातावर मारायची. मी जन्मभर त्याच्या पोटामागे लपले बघ. माझ्या ताटात कुणी डोकावलंच नाही."

"त्यांना माहीत होतं?"

"न कळायला काय झालं? आपल्या वाटणीची मलई मला द्यायचा आणि मार स्वतः खायचा. म्हणायचा, ताई, तुझ्या अंगावर दिसत नाही, तू खा." आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि लगेच हसली. "लबाड नव्हता गं तो. त्याला जमायचंच नाही ते."

तिनं कप खाली ठेवला. आजूबाजूला माणसं होती, कपबश्यांचा आवाज होता, दारातून कुणीतरी आत येत होतं. ती चारचौघांत मोठ्यानं बोलणारी नव्हती. चूक झाली की ती शांतपणे दुरुस्त करायची, कार्ड बदलायची, पुस्तक योग्य फळीवर नेऊन ठेवायची. तोंडानं म्हणायची वेळ तिनं कधी येऊ दिली नव्हती, निदान बाबांच्या बाबतीत तर नाहीच. आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणणं तेवढं उरलं होतं.

"बाबा खरं बोलत होते, आत्या," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, आणि तिनं तो खाली आणला नाही. "रोज सकाळी खरं बोलत होते. मी चुकले. अठरा वर्षं मी चुकत होते."